पाड्यामागचं रान राखायचं कसं: मुंबईतल्या जंगलकाठच्या वस्त्यांसाठी

जून उजाडला की मुंबईत रोपांची वाटणी सुरू होते. शाळा, कंपन्या, सोसायट्या जंगलाच्या कडेला येतात, खड्डे खणतात, रोपं लावतात, फोटो काढतात आणि घरी जातात. दिवाळीनंतर त्याच जागी जाऊन पाहिलं तर घाणेरी, म्हणजे लँटानाचं परकं काटेरी झुडूप, पुरुषभर माजलेली असते. त्यातून जी रोपं वाचतात ती मार्चच्या वणव्यात जातात. माझं मत ठाम आहे: मुंबईच्या रानाला रोपांपेक्षा राखणीची गरज जास्त आहे. कुऱ्हाड, आग आणि कचरा थांबला की इथलं रान स्वतःहून उठतं, कारण ऐन, पळस, कुडा, करवंद यांची मुळं आणि बी जमिनीत अजून शिल्लक आहे.

हे मार्गदर्शन आरेतल्या पाड्यांसाठी आहे, येऊरसाठी आहे, मुलुंड-भांडुपच्या डोंगरउतारावरच्या आणि बोरिवली-दहिसरच्या कडेच्या वस्त्यांसाठी आहे. ज्या सोसायट्यांची मागची भिंत जंगलाला टेकते त्यांच्यासाठीही आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं. त्याच्या आत आणि भोवती वारली, कोकणा, मल्हार कोळी समाजाचे पाडे हे शहर इथवर पोचण्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. पाडा आज महापालिकेच्या वॉर्डात मोडत असला तरी त्याच्या मागचं रान हे वापराने आणि नात्याने गावाचंच रान आहे. ते राखण्याची पद्धतही गावाची हवी.

आधी रान फिरून घ्या

कामाची सुरुवात बैठकीने करू नका, फेरीने करा. सोबत दोन प्रकारची माणसं हवीतच: पाड्यातले म्हातारे आणि मोळी-भाजीला जाणाऱ्या बायका. कुठल्या ओहोळाला कधीपर्यंत पाणी असतं, रानडुकरं कुठून उतरतात, कुठल्या उंबरावर कोणते पक्षी येतात, हे या बायकांना तोंडपाठ असतं आणि बैठकीत त्यांना कुणी विचारत नाही.

फेऱ्या किमान दोन करा. एक पाऊस सरल्यावर, एक एप्रिल-मे मध्ये. पहिल्या फेरीत रान किती आहे ते कळतं, दुसऱ्या फेरीत ते कशाच्या जिवावर टिकून आहे ते कळतं. उपग्रह चित्राची मोठी छापील प्रत घेऊन तिच्यावर खुणा करा: पाण्याच्या जागा, पायवाटा, सार्वजनिक शौचालय, कचऱ्याचे ढीग, बंद पडलेले दिवे, जुनी मोठी झाडं, वाघोबाचं ठाणं, खाणीचे सोडून दिलेले खड्डे, उघड्या विहिरी, दरवर्षी आग लागते ते उतार. खडकांच्या कपारीत बिबट्याची जागा असल्याचं पाड्याला माहीत असेल तर नकाशावर ती काढू नका. असे नकाशे मोबाईलवर फिरतात आणि मग कॅमेरे घेऊन माणसं येतात.

जमीन कोणाची, हे तपासा

मुंबईत पायाखालची जमीन दर शंभर पावलांवर खातं बदलते. आरेत दुग्धव्यवसाय विकास विभाग आहे, चित्रनगरी आहे, राखीव वन म्हणून अधिसूचित झालेला भाग आहे, आणि पलीकडे राष्ट्रीय उद्यान. प्रत्येक ठिकाणी परवानगीचा दरवाजा वेगळा. शहर हद्दीत वनाबाहेरच्या झाडांना १९७५ चा महाराष्ट्र वृक्ष संरक्षण व जतन कायदा लागू होतो आणि महापालिकेचं वृक्ष प्राधिकरण त्याचं काम पाहतं. राखीव वनात १९२७ चा भारतीय वन कायदा, राष्ट्रीय उद्यानात त्यावर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. उद्यानाच्या हद्दीत घाणेरी उपटायची असली तरी लेखी परवानगी घ्यावी लागते. आधी बीटच्या वनरक्षकाला भेटा. मग त्याच्यामार्फत वनपाल आणि वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे अर्ज द्या. अर्जात काम, जागा, महिना आणि माणसांची संख्या स्पष्ट लिहा, पोच घ्या. वनरक्षकाला डावलून थेट वरच्या साहेबांकडे जाणाऱ्यांची कामं पहिल्याच पावसाळ्यात अडतात, कारण रानात रोज असतो तो वनरक्षक.

पाड्यांनी २००६ चा वनहक्क कायदा नीट वाचून घ्यावा. त्याच्या कलम ३(१)(झ) मध्ये, म्हणजे इंग्रजी प्रतीत तिसऱ्या कलमाच्या पहिल्या पोटकलमातला आय खंड, परंपरेने राखत आलेल्या सामूहिक वनसंपत्तीचं संरक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे. कलम ५ नुसार ग्रामसभेला वन्यजीव, जंगल, जैवविविधता आणि पाणलोट राखण्याचा अधिकार मिळतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर असा सामूहिक हक्क मिळवला. मुंबईत ग्रामपंचायत नाही म्हणून कायदा लागू नाही, असं कुणी सांगितलं तर कायद्यातली गावाची व्याख्या दाखवा. तिच्यात जुन्या वस्त्या आणि मोजणी न झालेली गावं, अधिसूचित असोत वा नसोत, धरलेली आहेत. वनजमिनीच्या व्याख्येत राष्ट्रीय उद्यानंही येतात.

दाव्यासाठी वनहक्क समिती १० ते १५ जणांची, त्यात किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि किमान एक तृतीयांश स्त्रिया. सभेला निम्मी गणसंख्या लागते. सामूहिक वनसंपत्तीचा दावा नमुना क मध्ये भरतात आणि त्याला किमान दोन प्रकारचे पुरावे जोडतात. जुन्या दगडी खुणा, देवस्थानं, स्मशानभूमी, जाणत्यांचे लेखी जबाब, जुने नकाशे हे सगळे पुरावे चालतात. दावा पुढे उपविभागीय समितीकडे आणि मग जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या जिल्हा समितीकडे जातो. हे काम वर्षानुवर्षं रेंगाळतं. त्यामुळे दावा चालू ठेवा, पण राखणीचं काम त्यासाठी थांबवू नका. उलट राखणीच्या नोंदी म्हणजेच दाव्याचा भक्कम पुरावा.

कचरा, उजेड, कोंबड्या

मुंबईत वन्यजीवांचं व्यवस्थापन जंगलात कमी आणि वस्तीत जास्त करावं लागतं. उद्यान आणि लगतच्या भागात २०१५ च्या कॅमेरा ट्रॅप अभ्यासात ३५ बिबटे नोंदले गेले, २०१८ मध्ये ४७. इतके बिबटे इतक्या दाट माणसांशेजारी राहतात, आणि त्यांच्या खाण्यात चितळ, सांबराबरोबर भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. साखळी सरळ आहे: कचरा पडतो, कचऱ्यावर कुत्री आणि डुकरं येतात, त्यांच्यामागे बिबट्या येतो. तिसरी कडी तोडायला पिंजरा मागितला जातो. तुटायला हवी ती पहिली कडी.

म्हणून पहिला महिना फक्त कचऱ्याला द्या. घंटागाडी पाड्यापर्यंत येत नसेल तर वॉर्ड कार्यालयात सगळ्या घरांच्या सह्यांचा अर्ज द्या. गाडी येईपर्यंत झाकण असलेले पिंप रस्त्याच्या बाजूला ठेवा, जंगलाच्या बाजूला कधीच नाही. चिकन-मटणाच्या दुकानांचा टाकाऊ माल ओढ्यात जातो का ते पाहा, जात असेल तर दुकानदाराशी बसून बोला. लग्न, बारसं, भंडाऱ्यानंतरचं उष्टं त्याच रात्री उचललं जाईल असं आधीच ठरवा. कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांना दूर लोटू नका, त्यांना सोबत घ्या: खाऊ घालण्याची जागा जंगलाच्या कडेपासून लांब, वेळ उजेडाची, आणि उरलेलं उचलायचं. त्याच माणसांच्या मदतीने निर्बीजीकरणही होतं, कारण कुत्री त्यांच्याच हाताला येतात.

उजेड शौचालयाच्या वाटेवर, पाणी भरायच्या जागी आणि मुलं खेळतात तिथे हवा. दिव्याचं तोंड खाली आणि वाटेकडे असू द्या. जंगलात प्रकाशझोत सोडू नका, त्याने रातवे, घुबडं आणि पतंग उधळतात आणि आपली सुरक्षा काही वाढत नाही. दिवे बंद असतील तर खांब क्रमांक लिहून तक्रार करा, नुसतं दिवा गेलाय म्हणून कुणी येत नाही.

कोंबड्यांचं खुराडं तळालाही जाळी लावून बंद करा. रानमांजर आणि मुंगूस खालून उकरतात. शेळ्यांच्या गोठ्याला छप्पर आणि आतून कडी हवी. चार फुटांचं कुंपण बिबट्यासाठी उंबरठ्याएवढं आहे. एखादं जनावर मारलं गेलंच तर ते हलवू नका. ४८ तासांच्या आत वनविभागाला कळवा, फोटो काढा, पंचनामा करून घ्या. जनावर ओढून फेकून दिलं की भरपाईचा दावा तिथेच संपतो.

बिबट्या दिसला तर

नुसता दिसणं ही तक्रारीची बाब नाही. तो वाट ओलांडून जातो, जाऊ द्या. नोंदवहीत लिहा. समोरासमोर आला तर पळू नका, खाली वाकू नका, लहान मूल सोबत असेल तर उचलून कडेवर घ्या, आणि मोठ्याने बोलत हळूहळू मागे सरका. घरात किंवा गोठ्यात शिरला असेल तर बाहेरून दार लावून घ्या आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा पोलिसांच्या ११२ वर फोन करा. पथक येईपर्यंत एकच काम करायचं: गर्दी हटवणं. कोंडलेला बिबट्या माणसाला जखमी करतो तो बहुतेक वेळा गर्दीतून वाट काढताना. पाड्यातल्या चार तरुणांना हे काम आधीच वाटून द्या, कोण रस्ता अडवेल, कोण मुलांना घरात घेईल, कोण फोन करेल.

संध्याकाळनंतर आणि पहाटे लहान मुलांना एकटं सोडायचं नाही, अगदी दहा पावलांवरही नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये, दिवाळीत, आरेत सोळा महिन्यांच्या मुलीचा बिबट्याच्या हल्ल्यात जीव गेला. ते दुःख आठवून सांगतो की हा नियम सणासुदीच्या गडबडीतही मोडू नका. अंधारात जाताना काठी आपटत, मोबाईलवर गाणं लावून, दोघांनी मिळून जा. बिबट्याला माणूस येतोय हे आधी कळलं तर तो स्वतः बाजूला होतो.

अशा घटनेनंतर पिंजरा लावा, बिबटे उचला, अशी मागणी होणारच, आणि माणसावर हल्ला करणाऱ्या प्राण्याबाबत वनविभागाला पाऊल उचलावंच लागतं. पण सरसकट धरपकडीचा अनुभव वाईट आहे. बिबटे पकडून दुसरीकडे सोडले की जिथे सोडले तिथे माणसांवरचे हल्ले वाढतात, हे बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या जुन्नर भागातल्या अभ्यासात दिसलं. रिकाम्या झालेल्या जागी दुसरा बिबट्या येतो, बहुधा तरुण आणि जागेला नवखा. २००९ मध्ये माळशेज घाटात सोडलेला, गळ्यात पट्टा घातलेला आजोबा नावाचा बिबट्या सुमारे १२० किलोमीटर चालत संजय गांधी उद्यानापर्यंत आला. पुढे २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेत तो मेला. मुंबईतही २००४ च्या आसपास हल्ल्यांचा कळस झाला होता. नंतर वनविभाग, अभ्यासक आणि नागरिकांनी २०११ पासून मुंबईकर्स फॉर एसजीएनपी (एसजीएनपी म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान) या उपक्रमातून वस्त्या-वस्त्यांत जाऊन कचरा, उजेड, वागणूक यावर काम केलं. मी वर जे सांगितलं ते त्याच वाटेचं आहे.

फासे शोधणं

बिबट्यांबद्दल इतकं बोललं जातं की फासे विसरले जातात. मोटारसायकलच्या क्लचची तार घेऊन रानडुकराच्या वाटेवर फास लावतात, आणि त्यात भेकर, साळिंदर, बिबट्या काहीही अडकतं. पंधरा दिवसांतून एकदा चार जणांनी कडेकडेने फिरावं. झुडपांमधली निमुळती खिंड, कुंपणाखालचं भगदाड, ओढ्यात उतरणारी घसरट, या जागा गुडघ्यापासून खाली नजर ठेवून पाहाव्यात. मुद्दाम वाकवलेली फांदी, झाडाच्या बुंध्यावर ताजा घासल्याचा वळ, वाट अरुंद करण्यासाठी खोचलेल्या काट्या, या खुणा. फास दिसला तर आधी फोटो आणि ठिकाण, मग वनरक्षकाला फोन, तो सांगेल त्याप्रमाणे काढायचा. प्राणी अडकलेला असेल तर जवळ जाऊ नका. धडपडीने तार आणखी रुतते.

घाणेरी काढायची रीत

घाणेरी कोयत्याने छाटली की ती दुप्पट फुटव्यांनी येते. दरवर्षी छाटणीवर खर्च करणाऱ्या मंडळींनी एकदा हिचं मूळ पाहावं. जमिनीच्या पातळीला एक गाठाळ मान असते, सगळे फुटवे तिथूनच येतात. त्या मानेच्या दोन-तीन बोटं खाली माती सारून मुख्य मूळ कुदळीने तोडायचं, झुडूप उचलायचं आणि मुळं वर, शेंडे खाली असं उलटं ठेवून वाळू द्यायचं. आरेतल्या एका पाड्यावरच्या मावशी हे काम एका लयीत करतात: डाव्या पायाने फांद्यांचा झुबका दाबून धरायचा, उजव्या हाताने कुदळीचा एक घाव तिरपा, मग झुडूप हलवून बघायचं. सैल लागलं तर उपटायचं, घट्ट असेल तर दुसऱ्या बाजूने घाव. अंगावर लांब बाह्या आणि हातात जाड मोजे हवेत, काटे बारीक पण ओरखडे दिवसभर चुरचुरतात.

वेळ पावसाच्या सुरुवातीची, माती मऊ असताना आणि फळं पिकण्याआधी. काळी पिकलेली फळं असतील तर आधी गोणीत गोळा करा, नाहीतर काढणीतच बी पेरलं जाईल. सगळं रान एकदम मोकळं करू नका. घाणेरीच्या जाळीत बुलबुल घरटी करतात, ससे, मुंगूस आसरा घेतात. आधी पायवाटा, शौचालय आणि घरांपासून वीस-तीस फूट काढा, तिथे बिबट्याला दबा धरायला जागा राहत नाही. मग आत पट्ट्यापट्ट्याने, एका पट्ट्यात देशी गवत आणि झुडपं सावरली की पुढचा पट्टा. काढलेल्या जागी तीन पावसाळे फिरून नवीन रोपं उपटावी लागतात. ही तीन वर्षं द्यायची तयारी नसेल तर सुरूच करू नका, कारण उघड्या पडलेल्या जागेत रानमोडी हे दुसरं परकं तण शिरतं आणि आधीपेक्षा वाईट अवस्था होते. सुबाभूळ आणि गिरिपुष्पाची रोपं लहान असतानाच त्याच फेरीत उपटा.

वणवा

वनविभागाच्या लेखी आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. मुंबईत गवत डिसेंबरातच वाळतं; ३ डिसेंबर २०१८ ला गोरेगावच्या डोंगरावर मोठी आग लागली होती. म्हणून तयारी दिवाळीनंतर लगेच. आपल्याकडचा वणवा माणसाच्याच हातचा असतो: पेटता कचरा, विडीचं थोटूक, सहलीची चूल, कधी जमीन मोकळी करण्यासाठी मुद्दाम लावलेली काडी. लावणाऱ्याचा संशय असेल तर त्याच्या दारात भांडायला जाऊ नका, तारीख-वेळ-फोटोसह वनविभागाला लेखी कळवा.

जाळरेषेचं काम असं: आग दरवर्षी जिथून चढते तिथे, उताराला आडवा, किमान दहा फूट रुंद पट्टा आखा. जानेवारी अखेरपर्यंत त्यातलं गवत कापून बाहेर न्या आणि पालापाचोळा झाडून काढा. तबेलेवाल्यांना वाळलेलं गवत हवं असतं, त्यांच्याशी आधीच बोलून घेतलं तर निम्मं काम फुकटात होतं. पट्टा जाळून मोकळा करायचं काम फक्त वनविभागाचं, आपण काडी लावायची नाही. पानगळ चालू असेपर्यंत दर आठवड्याला एकदा झाडू फिरवा. पाला पुन्हा साचलेली जाळरेषा ही जाळरेषा राहत नाही.

आग लागली तर आधी वनविभाग आणि अग्निशमन दलाच्या १०१ ला फोन. मग, आग गुडघ्याच्या खाली असेल तरच, ओल्या हिरव्या डहाळ्यांनी कडेने झोडपत आत सरकायचं. वारा पाठीवर घ्या. आगीच्या वरच्या उतारावर कधीही उभे राहू नका, चढावर आग माणसापेक्षा वेगाने धावते. सुती कपडे, पायात बूट, तोंडाला ओला रुमाल. नायलॉनचा शर्ट अंगाला चिकटतो, तो घालून आलेल्याला परत पाठवा. विझल्यावर दोन तास कोणीतरी थांबायचं आणि धुमसणारे ओंडके फोडून मातीने झाकायचे.

कारवीच्या उतारांकडे जास्त लक्ष द्या. ती आठ वर्षांनी एकदा फुलते, फुलून बी टाकून मरते. इथल्या रानात ती २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली. अशा वर्षानंतरचा उन्हाळा धोक्याचा असतो, सगळा उतार एकाच वेळी वाळलेला असतो आणि पुढच्या पिढीचं बी त्याच्याच पायाशी पडलेलं असतं. वाळलेल्या काठ्या कुडाच्या भिंतींसाठी लागतात, त्या बी झडून गेल्यावरच कापायच्या.

पाणी

दहिसर, पोईसर, ओशिवरा या नद्या याच डोंगरांतून निघतात आणि मिठी विहार-पवईच्या सांडव्यातून. वस्तीत त्यांचा नाला झालेला असला तरी वर, रानात, ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत स्वच्छ धार असते. धार बारीक झाली की वनराई बंधारा घाला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मातीने पाऊण भरायच्या, तोंड शिवायचं, आणि विटांसारख्या सांधे चुकवून रचायच्या. पाया उंचीपेक्षा रुंद, मागून मातीचा लेप, मध्ये सांडवा. खाली कुणी पिण्याचं पाणी भरत असेल तर त्यांना विचारल्याशिवाय धार अडवू नका. पावसाआधी गोण्या काढून आणा, नाहीतर प्लास्टिकचे चिंधोटे नदीत जातात.

कृत्रिम पाणवठा करायचाच असेल तर वस्तीपासून लांब, उथळ, एका बाजूला उतार असलेला आणि आत दगड ठेवलेला हवा, म्हणजे खार-सरडा पडला तरी वर येतो. आठवड्याला घासून पाणी बदलायचं. हे जमणार नसेल तर पाणवठा करू नका, साचलेलं घाण पाणी रोग पसरवतं. त्याऐवजी उघड्या विहिरींना कठडे बांधा. त्यातून जास्त जीव वाचतात.

घ्यायचं किती, ठेवायचं किती

कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी हे शब्द राज्यातल्या गावांना नवे नाहीत. मुंबईच्या पाड्यांतही ते चालतात, फक्त नियम पाड्याने स्वतः ठरवलेले हवेत. बाहेरून लादलेली बंदी रात्री मोडली जाते. मोळी वाळक्या पडलेल्या फांद्यांचीच, पण जाड पडलेला बुंधा जागीच ठेवायचा. त्यात बुरशी, भुंगे, घोरपडी राहतात. उभं वाळलेलं झाडही ठेवा, वाटेवर पडण्याचा धोका नसेल तर. तांबट आणि घुबडांना ढोली तिथेच मिळतात.

रानभाज्यांचा नियम प्रत्येक भाजीचा वेगळा. शेवळं पहिल्या पावसाच्या आसपास वर येतात आणि आठ-पंधरा दिवसांत संपतात. कोंब खुडायचा, कंद उकरायचा नाही, आणि एका जागेतली निदान एक तृतीयांश शेवळं सोडायची. शेवळांची खाज काढायला काकडं लागतात, म्हणून काकडाचं झाडही तितकंच जपायचं. बाजारात वाट्याबरोबर काकडं ठेवणाऱ्या बायका हे जाणतात. टाकळा, कुर्डू हवं तितकं घ्या, ते भरपूर येतं. करवंदं जाळीच्या बाहेरची घ्या, आतली पक्ष्यांना. बोरिवली-दादरच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बाईचं उत्पन्न या रानावर आहे, आणि रान टिकण्यात तिच्याइतका स्वार्थ दुसऱ्या कुणाचा नाही. नियम ठरवताना पहिलं मत तिचं.

लागवड, सगळ्यात शेवटी

वरचं सगळं दोन वर्षं चाललं की लागवडीची गरज किती उरली ते मोजा. तोडलेल्या ऐन-सागाच्या खोडाला आलेल्या फुटव्यांपैकी एक-दोन जोमदार ठेवून बाकी छाटले तर त्याला आधीच खोल मुळं असल्याने तो रोपापेक्षा लवकर झाड होतो. गवताळ उतारावर आणि कातळावर झाडं लावू नका, ती ओसाड जागा नसून वेगळं रान आहे. आरेतून २०१० मध्ये विज्ञानाला नवा असलेला लायकस आरेएन्सिस हा विंचू वर्णिला गेला, असे जीव दगड-गवताच्या जागांत असतात. दाट मियावाकी लागवड शहरातल्या उघड्या भूखंडासाठी ठीक, जंगलात ती नको.

जिथे खरंच मोकळं आहे तिथे पळस, काटेसावर, उंबर, करंज, तामण, बेहडा, आपटा, मोह लावा. बी याच डोंगराचं घ्या. गुलमोहर, निलगिरी, सुबाभूळ कुणी फुकट दिली तरी नाही म्हणा.

नोंदवही आणि वाघबारस

एक जाड वही पाड्याच्या समाजमंदिरात किंवा सोसायटीच्या कचेरीत ठेवा. रकाने पाच: तारीख-वेळ, जागा, काय दिसलं, कुणी पाहिलं, त्या वेळी तिथे काय होतं. शेवटचा रकाना महत्त्वाचा. उष्टं पडलं होतं, दिवा बंद होता, कुत्री भुंकत होती, हे वर्षभर लिहिलं की बिबट्या कुठे आणि का येतो ते कुणी तज्ज्ञ न येताही दिसायला लागतं. रस्त्यावर चिरडलेले साप, ऊदमांजरं, बेडूकही लिहा. गतिरोधक मागताना तीच पानं जोडायची. महापालिकेच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत हीच माहिती पाठवता येते.

वर्षाची मोठी बैठक वाघबारसेला घ्या, आश्विन वद्य द्वादशीला. वारली पाड्यांत वाघोबाची पूजा त्या दिवशी होते, माणसं घरी असतात, पाऊस सरलेला असतो आणि आगीचा हंगाम अजून लांब असतो. वनरक्षकाला आणि शेजारच्या सोसायटीच्या दोघांना बोलवा. पूजा झाली की वही वाचून दाखवा. मग त्याच बैठकीत जाळरेषेची तारीख, फासे शोधणाऱ्या चौघांची नावं, बंधाऱ्यासाठी गोण्या कोण आणणार आणि पुढच्या पावसात घाणेरीचा कुठला पट्टा घ्यायचा, हे ठरवून वहीत लिहा आणि हजर असलेल्यांच्या सह्या घ्या.